तेवीस ते पंचवीस फूट

१

सळई तेविसाव्या फुटावर अडकली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि अप्पांच्या कपात अर्धा चहा शिल्लक होता. तो मग तसाच राहिला.

अप्पा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म एका कचेरीत नकाशे काढण्यात गेला आणि उरल्या वेळात ती खोड त्यांनी घरावर काढली. आमच्याकडे फडताळाच्या कप्प्यांचासुद्धा नकाशा आहे. पण सगळ्यांत लाडका नकाशा पाण्याच्या लाइनचा. तो काचेच्या फ्रेममध्ये जिन्याखाली टांगलेला असतो. गेटाजवळच्या मीटरपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत जमिनीखालून गेलेला लोखंडी पाइप: लांबी एक्केचाळीस फूट, खोली तीन फूट, रेष सरळ. सव्वीस वर्षांपूर्वी तो घातला तेव्हा अप्पा स्वतः चरात उतरून टेप धरून उभे होते. नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी आहेत. ‘काढणार’ या चौकटीत अप्पांची सही. ‘तपासणार’ ही चौकट कोरी. तपासायच्या लायकीचं माणूस घरात कुणी नव्हतं, असं ते हसत सांगायचे.

तो पाइप आता थकला होता. सकाळचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं, गेटाजवळची माती बारा महिने ओली, आणि वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी. इतकी बारीक, की मी लग्न होऊन आल्यापासून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी माझ्यासाठी दोन भरलेल्या बादल्या वर आणून ठेवतात. किती वेळा नको म्हटलं. ऐकतील तर शपथ.

बदलायचं नुसत्या पाइपाचंच चाललं नव्हतं. गेल्या वर्षात अप्पांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला. एकदा ते रोजच्या चौकात वळायचं विसरून सरळ पुढे गेले. शिवाय अधूनमधून विचारायचे, “माझी लाल रबरी पिशवी कुठंय? शेकायची?” आई शिवणावरून मान वर न करता म्हणायच्या, “कसली पिशवी? आपल्याकडे कधी नव्हतीच.” आणि आपल्या कात्रीनं कापड कापत राहायच्या. ती कात्री आमच्या कुणाच्याच हातात चालत नाही. नुसती कापड चघळते.

आमच्या ह्यांनी आणि नणंदेनं ठरवून टाकलं होतं की दोघांना नणंदेच्या फ्लॅटवर हलवायचं. लिफ्ट आहे, लक्ष ठेवायला दिवसभर बाई ठेवता येईल. अप्पा पंधरा दिवस भांडले आणि शेवटी त्यांनी पैज लावली.

“लाइन बदलताना बघा. माझा नकाशा चुकीचा निघाला तर माझी बॅग मी स्वतः भरीन. नाही निघाला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.”

हे हो म्हणाले. त्यांना वाटलं, सोपं आहे. अप्पांनाही तेच वाटलं.

आणि आता सळई अडकली होती.

२

सळई सरकवणारी होती आमची प्लंबरबाई. पंचेचाळिशीची, ठेंगणी, खिशात कायम खडू. तिचा नवरा तिच्या हाताखाली काम करतो. “अहो, सळई,” ती म्हणते, आणि अहो सळई देतात. मला ती पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिनं आमची बाग वाचवायचं कबूल केलं होतं. सबंध चर खणायचा नाही. एक खड्डा गेटाशी, एक स्वयंपाकघराच्या भिंतीशी. जुन्या पाइपाच्या पोटातून पोलादी दोर घालायचा, दोराला शंकूसारखं पातं लावून ओढायचं. पातं जुना पाइप फोडत पुढे येतं आणि त्याच्या शेपटीला बांधलेला नवा निळा पाइप त्याच जागेत बसतो.

“फक्त आत मध्येच काही निघता कामा नये,” तिनं आधी विचारून घेतलं होतं. “कुठं वळण, जोड, दुरुस्ती?”

“नकाशा बघा,” अप्पा म्हणाले होते. “नकाशात नाही ते जमिनीत नाही.”

तिनं गेटाकडून घातलेली सळई बाहेर काढली, खुणेपर्यंत टेप लावला. तेवीस. मग स्वयंपाकघराकडच्या खड्ड्यात उतरली आणि तिकडून घातली. ती सोळा फुटांवर थांबली. खडूनं तिनं फरशीवर हिशेब मांडला.

“एक्केचाळीसातून सोळा गेले, पंचवीस. म्हणजे तेवीस ते पंचवीस. मध्ये दोन फुटांचं काहीतरी आहे.”

“गंज असेल,” अप्पा म्हणाले.

“गंज असता तर सळई खरखरत अडकली असती, काका. ही टक्कन थांबते. दोन्हीकडून.”

अप्पा कप कठड्यावर ठेवून आत गेले. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून माळ्यावरची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

३

तेविसाव्या फुटाची जागा हिरवळीत येत होती, कपडे वाळत घालायच्या दुसऱ्या दोरीपासून तीन फुटांवर. या दोरीविषयी सांगायला हवं. अप्पांच्या घरात सगळं काटकोनात असतं, पण या दोरीचा खांब मात्र भलत्याच जागी उभा आहे. त्यामुळे दोरी तिरकी जाते आणि ओल्या चादरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर फडफडतात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी तिच्यावर कपडे घालते; माणूस सवयीला प्रश्न विचारत नाही.

प्लंबरबाईच्या नवऱ्यानं हिरवळीचा चौकोन केकसारखा कापून बाजूला ठेवला. तीन फूट खाली फावडं मऊ कशावर तरी लागलं. बाई स्वतः खड्ड्यात उतरली आणि हातानं माती काढू लागली.

“अहो,” शेवटी ती म्हणाली, “हे बघा तरी.”

तिच्या नवऱ्यानं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लोखंडी पाइप दोन जागी करवतीनं कापलेला होता. मधल्या दोन फुटांत काळ्या प्लास्टिकचा, निम्म्या जाडीचा तुकडा बसवला होता. दोन्ही टोकांच्या सांध्यांवर चिखलानं काळा झालेला रबराचा पट्टा होता आणि तो पट्टा चक्क शिवलेला होता. बारीक, एकसारख्या टाक्यांनी.

“हे कंपनीचं काम नाही,” बाई म्हणाली. “कुणीतरी लाइन कापली आणि गुपचूप परत जोडली.”

तोवर अप्पा बाहेर आले होते. हातात दोन घडी केलेले सदरे. खड्ड्याच्या काठाशी उभे राहून ते वाकून बघत राहिले.

आमचे हे हळू आवाजात म्हणाले. वाईट माणूस नाहीत हे, पण बोलले. “अप्पा, तुमच्याशिवाय या लाइनला कोण हात लावणार? तुम्हीच केलं असेल. आणि विसरला असाल.”

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातल्या सदऱ्यांकडे. आणि मला पहिल्यांदा दिसलं की त्यांना स्वतःलाही आता खात्री वाटत नव्हती.

४

“थांबा,” प्लंबरबाई म्हणाली. “पाइप कुणी कापला हे कळल्याशिवाय मी पुढे जात नाही. आणखी कुठं असंच काही निघालं तर पातं तुटेल माझं.” मला तेव्हाच वाटलं, पात्याची काळजी निमित्ताची होती. तिनं मघाशी ते सदरे पाहिले होते.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि चौकशी सुरू केली, एखाद्या डॉक्टरसारखी.

“वरच्या मजल्यावरचं पाणी कधीपासून कमी आहे?”

“पहिल्यापासून,” मी म्हणाले.

“नाही,” अप्पा म्हणाले. “पहिली सात वर्षं वर धो धो पाणी होतं. मला आठवतंय.” मग थांबून, “मला वाटतं, आठवतंय.”

“आठवतंय ते बरोबर आहे,” हे जरा नाइलाजानं म्हणाले. “माझ्या लग्नाच्या सुमारास कमी झालं.”

खरंच की. नवी सून आली आणि घरचं पाणी आटलं, असं कुणीकुणी म्हणायचं. पायगुण. मी हसण्यावारी नेलं होतं, सगळं नाही.

“म्हणजे एकोणीस वर्षं,” बाई म्हणाली. “बारीक तुकडा बसला, धार बारीक झाली. तेव्हा घरात कोण होतं?”

“मी परगावी नोकरीला,” हे म्हणाले. “लग्नाच्या आदल्या दिवशी आलो.”

“ह्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही,” आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. “पाइप कुठला लावतोय.” तेवढं बोलून त्या पुन्हा भांड्यांकडे वळल्या. सकाळपासून त्यांनी तीच चार भांडी घासली असतील.

“मी लग्नाच्या आधी पाच दिवस कचेरीच्या कामानं बाहेर होतो,” अप्पा म्हणाले. “बाकी सगळा वेळ इथंच. म्हणजे मीच असू शकतो.”

हे म्हणताना त्यांनी हातातल्या सदऱ्यांची घडी सरळ केली.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या काकांचं डोकं वर आलं. या काकांच्या घरी करवतीपासून कानसापर्यंत सगळी हत्यारं आहेत आणि पंखा दुरुस्त करून दिल्यावर तो उलटा फिरतो, अशी त्यांची ख्याती. अप्पा त्यांना इंजिनियर म्हणतात. त्यांना ती स्तुती वाटते.

“कशाला त्यांना छळताय,” काका म्हणाले. “मी केलंय ते.”

सगळ्यांच्या माना वळल्या. खिडकीत एक भांडं पडलं.

५

प्लंबरबाईनं काकांना आत बोलावलं. ना रागावली, ना आनंदली. पिशवीतून पितळेचे पाच तुकडे काढले, दोन्ही टोकांना आटे असलेले, आणि सुताचं रीळ.

“बरं झालं, हात वाढले,” ती म्हणाली. “नव्या कॉकच्या आट्यांवर सूत गुंडाळायचंय, म्हणजे पाणी झिरपत नाही. प्रत्येकानं एक घ्या.”

आम्ही शाळेतल्या मुलांसारखे पायरीवर बसलो. ह्यांनी पार्सल बांधावं तसं गुंडाळलं. काकांनी झरझर, बोलत बोलत. अप्पांनी सावकाश, वेढ्याला वेढा चिकटवून. मी आपली जमेल तसं.

“काकू, तुम्ही?” बाईनं खिडकीकडे बघत विचारलं.

“माझे हात ओले आहेत,” आई म्हणाल्या.

बाईनं मान डोलावली. मग खड्ड्यातून कापून आणलेला जुना सांधा मांडीवर घेऊन शिवण हलकेच उसवली, काळा तुकडा फिरवून सोडवला आणि आमच्या चार तुकड्यांशेजारी ठेवला.

“काय फरक दिसतोय?”

अप्पांनीच ओळखलं. नकाशेवाल्याची नजर. “आमचे सगळे एका दिशेनं. हे उलटं.”

“उलटं. काका,” ती शेजारच्यांना म्हणाली, “तुम्ही करवत दिली असेल. गुंडाळलं मात्र तुम्ही नाही.”

काकांनी आपला तुकडा हळूच पाठीमागे लपवला.

“उलट्या वेढ्यांची एक गंमत असते,” बाई सांगू लागली. “आटे कसायला गेलं की सूत सुटून बाहेर येतं. नवशिके इथं कंटाळून सोडून देतात. या माणसानं सोडलं नाही. सूत बाहेर येतंय हे पाहिलं, आणि शेवटच्या वेढ्याला गाठ मारली. बघा ही. प्लंबर अशी गाठ मारत नाहीत. मी ही गाठ लहानपणी माझ्या फ्रॉकच्या हुकाला पाहिलीय.”

मी गाठ पाहिली. मग वेढे पाहिले. डाव्या हातानं गुंडाळायला घेतलं तर ते असेच पडतील, हे मला कळलं. आणि एकदम ती कात्री डोळ्यांपुढे आली, जी घरात एकाच माणसाच्या हातात चालते.

मी खिडकीकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या तिरक्या दोरीच्या खांबाकडे बघत होत्या.

६

प्लंबरबाईला कळलं होतं. पण तिनं नाव घेतलं नाही, आणि यासाठी मी तिला जन्मभर मानीन.

“नाव मला नको,” ती म्हणाली. “मला एवढंच सांगायचंय. वीस वर्षं मी हे काम करते. शिकल्यासवरल्या लोकांनी जोडलेले सांधे पाच वर्षांत गळताना पाहिलेत. हा एकोणीस वर्षं मातीत होता. एक थेंब नाही. गेटाजवळची ओल गंजाची, तिचा याच्याशी संबंध नाही. हातात धड सामान नसताना, कुणी शिकवलेलं नसताना, पाणी बंद ठेवून हे केलंय. मला जमलं नसतं. आणि काका, तुमचा नकाशा काढला त्या दिवशी बरोबरच होता. पाइप नंतर बदलला. जे माहीतच नव्हतं ते माणूस विसरेल कसं?”

“पण हे अप्पांनी केलं नाही हे...” आमच्या ह्यांचं वाक्य पुरं झालं नाही.

“मी केलं,” आई दारात उभ्या होत्या. हात खरंच ओले होते. “गप्प बस आता तू. पुष्कळ बोललास सकाळपासून.”

त्या खाली आल्या, पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे बघत सांगू लागल्या. जणू बाकी कुणी नव्हतंच.

“तू यायची होतीस. घरात एकच दोरी. नव्या मुलीनं आपले कपडे सासऱ्याच्या धोतराशेजारी कुठं वाळत घालायचे? यांना म्हटलं, दुसरी दोरी हवी, खांब पुरायला हवा. तर म्हणाले, लाइनीवर पहार लावायची नाही. हे बाहेरगावी गेले तशी मी घेतली पहार. खड्डा कमरेएवढा झाला आणि एका घावाला पाणी तोंडावर.”

“मग?” प्लंबरबाईनं विचारलं. तिचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलण्याचा राहिला नव्हता.

“मग गेटाशी जाऊन कॉक बंद केला. यांच्याकडून करवत आणली,” काकांकडे बोट, “आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन फळीवर खडूनं काढून दाखवलं, इकडे लोखंड, तिकडे लोखंड, मध्ये हे असं. त्यानं दिलं ते आणलं. तुकडा बारीक होता. तेवढाच होता त्याच्याकडे. दोन दिवस लागले.”

“आणि खांब सरकवला,” मी म्हणाले.

“मग काय, परत तिथंच मारू पहार? वर पाणी चढेना तेव्हा कळलं काय झालं ते. लोक तुझ्या पायगुणाचं बोलायला लागले. मला सांगायचं होतं गं. आज सांगू, उद्या सांगू. तोवर निदान बादल्या तरी.”

एकोणीस वर्षं, दिवसाला दोन बादल्या. मी त्या बादल्यांना प्रेम समजत होते. तेही होतंच त्यात.

प्लंबरबाईनं इतका वेळ हातातला रबराचा पट्टा बादलीत बुडवून चोळला होता. चिखल गेला. खालून लाल रंग आला. एका कोपऱ्याला झाकणाच्या गोल तोंडाची कड अजून शिल्लक होती.

अप्पांनी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

“माझी पिशवी,” ते म्हणाले.

आईंचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच उतरला.

“हो,” त्या म्हणाल्या. “होती. लालच होती. मी कापली. तुम्ही विचारायचात आणि मी नाही म्हणायची, आणि ही सगळी तुमच्याकडे तशा नजरेनं बघायला लागली तरी मी नाहीच म्हणाले. तुम्हाला बरोबर आठवत होतं. सगळं.”

अप्पांनी पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग अप्पांनी घसा साफ केला.

“रबर दुहेरी घेतलंस की एकेरी?”

“दुहेरी. आतून उलटं.”

“हं,” अप्पा म्हणाले. “बरोबर.”

७

दुपारी दोर विनाअडथळा गेला. पातं कडाडत, जुना पाइप फोडत गेटापासून भिंतीपर्यंत आलं आणि त्याच्या मागून निळा पाइप, लांबच लांब, एकही सांधा नसलेला. तिथं बसून आम्ही सगळ्यांनी तो येताना पाहिला. हे मध्येच उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा सांगितलं काही नाही, पण बॅग माळ्यावर परत गेली होती आणि सदरे कपाटात. गॅस दोनदा चालू राहिला होता हे काही खोटं नाही. झोपायच्या आधी मी आता बटणं बघते. पण फ्लॅटचा विषय निघालेला नाही. पैज म्हणजे पैज.

प्लंबरबाईनं जाताना दुसऱ्या टोकाचा, न उसवलेला सांधा मागितला. “आमच्या लोकांना दाखवायला.” अप्पांनी दिला नाही. मग ती आईंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, कधी कंटाळा आला घरात तर सांगा. मला माणूस हवंय.” तिचा नवरा म्हणाला, “मी आहे की.” ती म्हणाली, “तुम्ही गाठ मारत नाही.”

वरच्या नळाला असं पाणी आलं की माझ्या हातातला तांब्या निसटला.

दोन दिवसांनी अप्पांनी नवा नकाशा काढला. निळी रेष, एक्केचाळीस फूट. तेवीस ते पंचवीसच्या मध्ये तुटक रेषेनं जुनी दुरुस्ती दाखवली, वर्ष घातलं, आणि खांबसुद्धा दाखवला, तिरक्या दोरीसकट. ‘काढणार’मध्ये सही केली. मग शाईचं पेन आईंच्या पुढे धरलं आणि ‘तपासणार’ या चौकटीवर बोट ठेवलं.

आईंनी पदराला हात पुसले. आधी अंगणात टेप लावून आकडे नकाशाशी ताडून पाहिले, एकूण एक. मगच सही केली, डाव्या हातानं. आणि डाव्या हाताचं होतं तेच झालं. हात पुढे सरकला तसा ओल्या शाईवरून फिरला आणि सहीपासून थेट कागदाच्या कडेपर्यंत निळा फराटा ओढला गेला.

आम्ही सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. कागदावर बोटाचा ठसा उमटला तरी अख्खा नकाशा नव्यानं काढणारा माणूस.

अप्पांनी फुंकर घालून शाई वाळवली आणि नकाशा फ्रेममध्ये घातला. फराटा काचेखाली नीट दिसेल अशा बेतानं कड जराशी वर सरकवली, आणि मला म्हणाले, “खिळा घे. जिन्याखाली नको. बाहेरच्या खोलीत लावू.”